सोलापुरी चादर: बास ड्रमच्या पोटात घालायला कशी?

बास ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, घुमारा दाबायला उशी, फोम, जुनं ब्लँकेट, हाताला लागेल ते कोंबलं जातं. आज स्टुडिओ, उद्या गावोगावचे रॉक शो, असं ज्या ड्रमरचं काम आहे त्याने सरळ सोलापुरी चादर घ्यावी. उन्हात तापलेल्या गाडीत फोमचा काही काळाने भुगा होतो. उशी दरवेळी वेगळ्या जागी टेकते. चादरीची घडी मापून घालता येते, त्यामुळे कालचा आवाज आजही मिळतो.

22 बाय 18 च्या, म्हणजे 22 इंच व्यासाच्या आणि 18 इंच खोल ड्रमला एक सिंगल चादर पुरते. घडीची एक बाजू 19 इंच ठेवा, म्हणजे बीटर (पेडलचा ठोका) लागतो त्या हेडवर, म्हणजे ड्रमच्या पडद्यावर, ती जेमतेम इंचभर चढते. दुसरी बाजू 15 इंच, जाडी साधारण तीन बोटं. याहून वर चढवली की खर्ज जातो आणि नुसती टकटक उरते. आधी ट्यूनिंग नीट करा. सुरकुतलेल्या हेडचा दोष चादर झाकत नाही.

नवी चादर तशीच आत घालू नका. खळ असते, गडद रंग पांढऱ्या हेडला लागतो. दोनदा गार पाण्यात धुवा. घेताना कडेचा एक धागा जाळून बघा. सुती धाग्याची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. सिंथेटिक वितळून गोळी होते. ते घेऊ नये, घडी सरकते.

गाडीच्या धक्क्यांनी मात्र सुती घडीही हलते. घट्ट विणीवर वेल्क्रो धरत नाही, म्हणून खालच्या बाजूला सोलापुरी टेरी (फासेदार) टॉवेलची पट्टी शिवा आणि शेलला, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाला, फक्त खरखरीत वेल्क्रो लावा. टॉवेलचे फासे त्यात छान अडकतात.

टॉवेल टॉमवर, म्हणजे किटमधल्या हाताने वाजवायच्या लहान ड्रमवरही चालतो. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने 1960 च्या दशकाच्या अखेरीस रेकॉर्डिंगला टॉमवर टी-टॉवेल (भांडी पुसायचे पातळ कापड) टाकले होते, तोच कोरडा, थपथपीत आवाज मिळतो. टेरी जाड असल्याने हात पुसायचा लहान टॉवेल घ्या. स्टिकची उसळी कमी होते, त्यामुळे जलद रोलच्या (सलग भराभर ठोक्यांच्या) गाण्यात काढून ठेवा.

किटखाली (ड्रमच्या अख्ख्या संचाखाली) मात्र चादर अंथरू नका. गोळा होते, बास ड्रम पुढे सरकतो. तिथे रबरी पाठीचा गालिचाच हवा. कोकणात शो असेल तर कार्यक्रम संपताच चादर बाहेर काढा. सुती कापड दमट हवा धरतं, लाकडी शेलला बुरशी येते.