कोचीत एक दिवस: सकाळ जाळ्यांपाशी, बाकी सगळा वेळ मट्टनचेरीत

कोचीसाठी एकच दिवस हातात असेल, तर फोर्ट कोचीचा किनारा सकाळी बघून घ्यावा आणि उरलेला वेळ मट्टनचेरीला द्यावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. टूरवाले बहुधा उलट करतात. मट्टनचेरीचा राजवाडा तासाभरात उरकतात आणि अख्खी संध्याकाळ माणसांना चिनी जाळ्यांपाशी सोडून देतात. आम्ही चौघी डी.एड.च्या वेळच्या मैत्रिणी. मुन्नारहून परत येताना एर्नाकुलमला मुक्काम केला आणि गाडी न ठरवता बोट, रिक्षा आणि पायी असा दिवस काढला. माझं माहेर रेवदंड्याच्या कोळीवाड्यातलं. तेव्हा जाळी आणि म्हावरं यांवर जरा जास्त लिहिणार आहे.

सुरुवात वॉटर मेट्रोने करा. हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीचं तिकीट ४० रुपयांच्या आसपास आहे. सरकारी साधी बोट याहून कितीतरी स्वस्तात जाते आणि तीही चांगली आहे. पण आमच्या सुजाताच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि बोटीत चढायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. इथे धक्काच तरंगता आहे. पाणी चढलं की धक्काही बोटीबरोबर वर येतो, त्यामुळे दोन्हींची पातळी सारखी राहते. सुजाता कुणाचा हात न धरता आत चालत गेली. मांडव्याच्या आणि रेवसच्या जेट्टीवर म्हाताऱ्या माणसांची उतरताना काय त्रेधा होते ते आयुष्यभर बघत आलेय, म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं. बोटी कोचीन शिपयार्डनेच बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. आवाज नाही, डिझेलचा वास नाही. शंभर माणसं भरली की पुढचा माणूस घेत नाहीत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी रांग लागते. सकाळी लवकर जा.

काचेतून बंदर चांगलं दिसतं. एका बाजूला बोळगाट्टी बेट, पुढे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या क्रेन, दुसरीकडे विलिंग्डन बेट. हे विलिंग्डन बेट बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून तयार केलेलं आहे. १३४१ च्या पेरियार नदीच्या महापुरानंतर जुनं मुझिरिस बंदर मागे पडलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. पण तोंडाशी वाळूचा दांडा होता, म्हणून मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने तो दांडा कापून काढला आणि १९२८ साली 'पद्मा' ही आगबोट आतल्या बंदरात आली. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की गावाचं काय होतं, हे चौल-रेवदंड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नाश्त्याला अप्पम आणि काळ्या चण्यांची कडला करी खाल्ली. अप्पम कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. छान होते.

आता चिनी जाळी. मल्याळममध्ये 'चीनवला'. कुणी म्हणतं चिनी दर्यावर्द्यांनी आणली, कुणी म्हणतं पोर्तुगीजांनी मकावहून. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण फोटोत काम दिसत नाही. म्हणून अर्धा तास उभं राहून एक तरी जाळं खाली जाऊन वर येताना बघा. सागवानी वासे, वर बांबू, आणि मागच्या बाजूला दोरांना लटकवलेले मोठाले दगड. हे दगड म्हणजे जाळ्याचा तोल. एक माणूस पुढच्या आडव्या वाशावर चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. थोड्या वेळाने चार-पाच जण मागचे दोर ओढतात, दगड एकामागून एक खाली जमिनीला टेकतात आणि जाळं पाणी गाळत वर येतं. दगड वेगवेगळ्या उंचीवर का बांधलेत, हे मला तिथे कळलं. जाळं जसजसं वर येईल तसतसं वजन कमी व्हायला हवं, नाहीतर शेवटी ते झटक्यात उसळेल.

माझे वडील डोल लावायचे, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. डोलही जागेवरच असते, खुंट्यांना बांधलेली, आणि भरती-ओहोटीचा ओढ काय आणून देईल ते घ्यायचं. इथलंही गणित तेच, भरतीचं. फक्त डोल वाहत्या पाण्यात तोंड उघडून बसते आणि हे जाळं तळातून वर उचलायचं. आमच्यासमोर वर आलं तेव्हा आत थोडी बारकी मासळी, दोन खेकडे आणि ढीगभर जलपर्णी होती. त्यातला एक खलाशी तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, पाऊस झाला की जलपर्णी एवढी येते की जाळं फाटतं. शंभर-दोनशे रुपये घेऊन ते पर्यटकांना दोर ओढू देतात. द्यावेत, त्या माणसांचं पोट आता मासळीपेक्षा त्यावरच जास्त चालत असणार. मला ते बघून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण जाळी तिथे टिकून आहेत ती या पैशांवर.

शेजारीच मासळीचे स्टॉल आहेत. 'मासा निवडा, समोर शिजवून देतो' हा प्रकार. इथे मात्र जपून. मी दोन-तीन ठिकाणी कल्ले उघडून पाहिले, लाल सोडा, तपकिरी पडलेले. ही मासळी या जाळ्यांतली नव्हे, बर्फातून आलेली. अलकाला कोळंबी खायचीच होती म्हणून एका ठिकाणी अर्धा किलो घेतली. वजन करताना बर्फाचं पाणी निथळू दिलं नाही, शिजवायचे पैसे वेगळे हे आधी सांगितलं नाही, आणि ताटात आलेली कोळंबी रबरासारखी. घ्यायचीच असेल तर पाणी निथळून वजन करायला लावा आणि शिजवण्याचा दर आधी विचारा.

सेंट फ्रान्सिस चर्च तिथून चालत पाच मिनिटांवर. १५०३ साली पोर्तुगीजांनी बांधलं तेव्हा ते लाकडी होतं. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, त्याला इथे पुरलं, आणि पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. त्याची जागा कठड्यात दाखवतात. चर्च साधं आहे, वर दोरीने ओढायचे कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा कोचीतच बसायचा, आणि त्याचा मुलगा लोरेंसो १५०८ साली आमच्या चौलच्या लढाईत मारला गेला. रेवदंड्याच्या किल्ल्यात लहानपणी खेळलेल्या बाईला इथे उभं राहून हे आठवणारच. मैत्रिणींना मी ते दोनदा सांगितलं.

मग रिक्षाने मट्टनचेरी. राजवाडा बाहेरून एवढा साधा दिसतो की मंगल म्हणाली, "अगं, ही तर आपल्या तालुक्याची कचेरी!" १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव 'डच पॅलेस'. चपला काढून जिना चढा आणि थेट राजाच्या शयनगृहात जा. भिंतभर रामायण आहे. गेरूचे लाल-पिवळे रंग, हिरवा, आणि आकृत्या एकमेकींना इतक्या चिकटून की रिकामी जागा सापडत नाही. पुत्रकामेष्टीपासून सुरुवात करून भिंतीच्या कडेकडेने चालत गेलं की गोष्ट पुढे सरकते. आम्ही चौघींनी वर्गात मुलांना रामायण सांगितलेलं, त्यामुळे प्रसंग ओळखायची चढाओढच लागली. डोळे लांबट, पूर्ण उघडे, आणि अगदी वानरांच्या अंगावरही दागिने. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, माणूस नीट बघतो. या खोलीत वेळ द्या. राजघराण्याच्या तसबिरी आणि पालख्या दहा मिनिटांत बघितल्या तरी चालतील.

जेवायला कायीस रहमतुल्ला, न्यू रोडवर. १९४८ पासूनचं हॉटेल. मटण बिर्याणीसाठी लोक लांबून येतात आणि दुपार उलटली की ती संपते, म्हणून साडेबारालाच जाऊन बसा. भात बासमतीचा नाही, बारीक आखूड दाण्याचा, कैमा तांदूळ. आपल्या आंबेमोहोराच्या जातकुळीतला वाटतो. मसाला हैदराबादीसारखा अंगावर येत नाही. मटण हाडापासून सुटतं, पण विरघळलेलं नसतं. सोबत पापड, लोणचं आणि खजुराची चटणी. ही चटणी पहिल्या घासाला गोड लागते, मग तिच्याशिवाय घास उतरत नाही. बसायला दाटी आहे, टेबलावर अनोळखी माणसं शेजारी येतात, आणि जेवण झाल्यावर रेंगाळू देत नाहीत. प्यायला पतिमुगम या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं गुलाबीसर कोमट पाणी. दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण हे.

तिसऱ्या प्रहरी परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. १५६८ सालचं, राजवाड्याच्या देवळाला लागूनच. राजाने आपल्या देवीच्या शेजारची जागा ज्यूंना दिली, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, प्रत्येक हाताने रंगवलेली. वाकून दोन शेजारच्या फरश्या बघा: झाड तेच, पण फांद्या वेगळ्या पडल्यात. वर बेल्जियमची झुंबरं. बाहेरच्या मनोऱ्यावरचं घड्याळ १७६० चं. इथले बहुतेक ज्यू १९४८ नंतर इस्राएलला गेले. आमच्या रायगडात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्राएल. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचं सिनेगॉग आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांना धर्मविधी शिकवायला कोचीचे ज्यू आले होते. ही माहिती तिथल्या फलकांवर कुठे दिसली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सिनेगॉगच्या गल्लीत मसाले घेऊ नका. तिथून चालत बाजार रोडला या, जुन्या वखारी आहेत, सुंठ आणि मिरीचा वास रस्त्यावर येतो, आणि भावात चांगलाच फरक पडतो. एका वखारीत काकांनी मिरी कशी पारखायची ते दाखवलं. एक लिटरचं माप भरून तोलायचं. चांगली मिरी ५५० ग्रॅमच्या आसपास भरते, पोचट असेल तर वजन उतरतं. मग एक दाणा दाताखाली फोडायला दिला. दाणा आतून पांढरा आणि घट्ट होता. आम्ही चौघींनी मिरी घेतली, मी वरून पाव किलो कुडमपुळी, म्हणजे तिकडचं आमसूल, तेही घेतलं.

संध्याकाळी चेरलाईतल्या तिरुमल देवस्थानात गेलो. हे गौड सारस्वतांचं देऊळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून निघालेली ही माणसं अजून घरात कोंकणी बोलतात. बाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी "गांव खंयचें?" विचारलं आणि आम्ही मराठीत, त्या कोंकणीत, अशा गप्पा चांगल्या रंगल्या. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान रीडला मलबारच्या वनस्पती समजावून दिल्या. त्यातून 'हॉर्टस मलबारिकस'चे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले, आणि त्यात या तिघांचं कोंकणीतलं निवेदन नागरी लिपीत आहे. कोचीला जाणाऱ्या मराठी माणसाने हे देऊळ चुकवू नये.

रात्रीचं जेवण एर्नाकुलमला, मुक्कामाजवळच्या खाणावळीत. करीमीन पोळ्ळिचदु मागवला, म्हणजे गोव्याकडचं कालुंदर, मसाला लावून केळीच्या पानात भाजलेलं. चव चांगली, काटे फार, किंमत जास्त. त्यापेक्षा मातीच्या भांड्यातली लाल मीनकरी आणि उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, घ्या. या करीत आमसुलाच्या जागी कुडमपुळी असते. झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं, पण फळ धुरावर वाळवतात, त्यामुळे रस्सा आंबट आणि किंचित धुरकट लागतो. सुरमईला तो फार शोभतो.

शुक्रवार-शनिवार टाळा. शुक्रवारी राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग. कुडमपुळी घेताना काळीभोर, बोटाला मऊ लागणारी बघून घ्या, कडक झालेली जुनी असते. घरी आल्यावर मी बांगड्याच्या रश्शात घातली. पाच-सहा बांगड्यांना कोमट पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या पुरतात.