व्हॉइसओव्हर डेमोवर पैसे देऊन अभिप्राय घेतला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जाहिराती, माहितीपट यांना आवाज द्यायचं काम मिळावं म्हणून पाठवायचा माझा नमुना, म्हणजे डेमो, मी पैसे देऊन एका सेवेकडून दोन फेऱ्यांत तपासून घेतला. आधी निकाल सांगून टाकते. पहिल्या फेरीचे पैसे वसूल झाले, दुसऱ्या फेरीचे जेमतेम अर्धे, आणि त्यानंतर ज्या ‘पॅकेज’चे फोन सुरू झाले त्याला मी नमस्कार केला. सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबई-पुण्यात अशा सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच असतो. त्यामुळे हे त्या साच्याबद्दलचं मत समजा.

साचा असा. आपण साठ ते नव्वद सेकंदांचा डेमो पाठवायचा, सोबत कोणत्या प्रकारचं काम हवंय ते लिहायचं. आठवड्याभरात एक काम करणारा व्हॉइस आर्टिस्ट आणि एक साउंड इंजिनिअर डेमो ऐकतात. सेकंदांचे आकडे टाकून लेखी नोंदी येतात, शिवाय दहाएक मिनिटांचा ऑडिओ संदेश. बदल करून पुन्हा पाठवलं की दुसरी फेरी. दोन्ही फेऱ्यांचे मिळून साडेतीन हजार रुपये.

मी नाशिकची. सुगम संगीताच्या, कवितांच्या कार्यक्रमांचं निवेदन बरीच वर्षं करते. कालिदास कलामंदिर, कुसुमाग्रज स्मारक, गणेशोत्सवातली मंडळं, असं सगळं. ‘तुमचा आवाज रेडिओवर हवा होता’ हे ऐकायची सवय झालेली. हे सांगायचं कारण एवढंच की अभिप्रायातला सगळ्यात कामाचा भाग नेमका या सवयीवर बोट ठेवणारा होता.

पहिलीच नोंद: ‘चौथ्या सेकंदापासून समोर सभागृह आहे असं वाटतं.’

बस, एवढंच. मग ऑडिओ संदेशात व्हॉइस आर्टिस्टने ते फोडून सांगितलं. सभागृहात निवेदिकेला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. म्हणून ती वाक्याची सुरुवात थोडी वरच्या पट्टीत घेते, मधला शब्द ताणते आणि शेवटी टाळीसाठी जागा सोडते. माइक मात्र तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, आणि ऐकणारी बाई स्वयंपाकघरात कांदा चिरत असते. तिला कुणी ‘रसिकहो’ म्हणायला नको असतं. माझ्या साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत ‘रसिकहो’ हा शब्द नव्हता, पण सूर तोच होता, हे त्याने मूळ तुकडा आणि त्याच ओळी स्वतः साध्या बोलून दाखवलेला तुकडा एकापाठोपाठ लावून ऐकवलं. वाद घालायला जागाच उरली नाही.

त्याने दुसरं जे पकडलं ते मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. निवेदन करणारा माणूस शेवटच्या ‘आहे’वर, ‘देतो’वर, ‘घेऊन आलो आहोत’वर वजन टाकतो, कारण मंचावर वाक्य तिथे ‘बसतं’. जाहिरातीत मात्र वजन वस्तूच्या नावावर किंवा गुणावर पडायला हवं आणि ‘आहे’ जवळजवळ गिळून टाकायचा. माझ्या डेमोतल्या पाचही तुकड्यांत ‘आहे’ ठणठणीत आणि ‘पैठणी’ मागच्या बाकावर. त्याने प्रत्येक जागेला सेकंद लिहून दिला होता.

उपायही दिला, आणि तो फुकटचा आहे म्हणून इथे लिहिते. ओळ वाचण्याआधी मनात न ठेवता खरंच मोठ्याने म्हणायचं, ‘अगं, ऐक ना,’ आणि लगेच त्याच दमात जाहिरातीची ओळ. नंतर संपादनात ‘अगं, ऐक ना’ कापून टाकायचं. पुरुषी आवाजासाठी लिहिलेल्या मजकुराला ‘अरे, एक सांगू का’. वाचनातला ताठपणा पहिल्या दोन शब्दांत असतो, तो या कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जातो. या धंद्यातल्या लोकांना ही युक्ती जुनी आहे, पण बाहेरून येणाऱ्याला कोण सांगणार? मी अजूनही प्रत्येक ऑडिशनला हेच करते.

क्रमाबद्दलची नोंदही पटली. डेमो ऐकणारा माणूस निवड करायला बसलेला असतो, त्याच्यासमोर फायलींची रांग असते, आणि पहिल्या काही सेकंदांत तो पुढे ऐकायचं की नाही ते ठरवतो. माझी सुरुवात माहितीपटाच्या संथ निवेदनाने होती, मागे बासरी. तो तुकडा चौथ्या क्रमांकावर गेला. वर आला आईने मुलीला डब्याबद्दल सांगितल्यासारखा छोटा तुकडा, जो मी ‘भरीला’ म्हणून टाकला होता. प्रत्येक तुकडा आठ-दहा सेकंदांचा, मधे संगीत बदलतं एवढीच खूण, ‘आता ऐका’ वगैरे काही नाही. पुस्तकवाचनाचा नमुना यातून पूर्ण बाहेर काढायला सांगितला. त्याची वेगळी, काही मिनिटांची फाइल हवी, संगीताशिवाय आणि संवाद असलेली. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अॅप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी ऑडिओबुकं हा स्वतंत्र रस्ता झाला आहे, आणि तिथे ऐकणाऱ्याला नव्वद सेकंदांच्या चमकेपेक्षा तासाभराने आवाज कसा लागतो याची काळजी असते.

आणखी एक सूचना होती, देशभर चालणाऱ्या हिंदी जाहिरातीच्या मराठी डबिंगसारखा एक तुकडा ठेवा. चित्र आधीच कापलेलं असतं, वीस सेकंदांची जाहिरात वीसच सेकंदांची राहते, आणि मराठी वाक्य हिंदीपेक्षा लांब झालं तरी तेवढ्याच जागेत घाई न जाणवता बसवायचं असतं. हे जमतं का, हे मराठी आवाज शोधणाऱ्याला आधी बघायचं असतं. मी तो तुकडा केला. त्याला वेळ लागला, पण डेमोतला आता माझा सगळ्यात आवडता तोच आहे.

तांत्रिक नोंदींचं थोडक्यात. खोली घुमते, हे सांगितलं. अंड्याचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला यूट्यूबवर खूप फिरतो, पण त्याने फारसं काही शोषलं जात नाही, जाड गोधडी किंवा गादी जास्त काम करते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून माइकची पाठ खिडकीकडे करा. तोंड आणि माइक एका रेषेत न ठेवता माइक थोडा तिरका ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट त्यावर आदळत नाही. माइकच्या फार जवळ गेलं की खर्ज वाढतो आणि आवाज ‘भारदस्त’ वाटतो, त्या मोहात पडू नका. श्वास पूर्ण पुसू नका, कमी करा. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या अॅमेझॉनच्या ऑडिओबुक मंचाचे आकडे मोजपट्टी म्हणून वापरा: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नाही, आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे मोजता येतं. हे सगळं बरोबर, पण खरं सांगायचं तर यासाठी पैसे मोजायची गरज नाही. शोधलं तर सगळं मिळतं.

आता जिथे ही सेवा कमी पडली ते.

इंजिनिअरला मराठी येत नव्हतं. व्हॉइस आर्टिस्टला येत होतं, पण त्याचं रोजचं काम हिंदीतलं. त्यामुळे उच्चारांवर दोन्ही फेऱ्यांत एक अक्षर नाही. आमच्या ओळखीत आकाशवाणीवरून निवृत्त झालेले एक उद्घोषक आहेत, वय ऐंशीच्या घरात. त्यांना मी दुसऱ्या फेरीनंतरची फाइल ऐकवली. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “‘फुलं’ छान म्हणालीस, ओठ मिटवून. हल्लीची मुलं दात ओठावर टेकवतात. पण ‘पाठ’ आणि ‘हाक’ची शेपटी कुठे गेली गं?” शेपटी ‘गेट’ने, म्हणजे मागचा गोंगाट कापणाऱ्या फिल्टरने खाल्ली होती. शब्दाच्या शेवटचा ‘ठ’ आणि ‘क’ इतका बारीक असतो की यंत्राला तो शांतताच वाटतो. हिंदी कानाला ते खटकलं नाही. मराठी कान, तोही जुन्या रेडिओचा, लगेच अडला. गेट काढलं, मागचा गोंगाट किंचित वाढला, शब्द परत आले. काकांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

बातम्यांच्या आवाजाबद्दलही त्यांच्याशी बोलणं झालं. आमच्या पिढीच्या डोक्यात ‘चांगला मराठी आवाज’ म्हटलं की दूरदर्शनवरचे प्रदीप भिडे येतात. त्यांचं २०२२ मध्ये निधन झालं, पण तो स्वच्छ, ठाम सूर अजून कित्येक डेमोंत ऐकू येतो. काका म्हणाले, भिड्यांची नक्कल करणारे त्यांचा ठामपणा उचलतात आणि त्यातली सहजता सोडून देतात. हे एक वाक्य सेवेच्या दुसऱ्या फेरीपेक्षा जास्त उपयोगाचं निघालं.

कारण दुसऱ्या फेरीला माणूस बदलला. पहिल्याने सांगितलं होतं, आवाज हलका ठेवा, वय तिशीतलं वाटू द्या. दुसऱ्याने लिहिलं, खर्ज वापरा, तुमची ताकद प्रौढ आवाजात आहे. पहिल्याच्या नोंदी त्याने वाचल्याच नव्हत्या. मी विचारलं तर उत्तर आलं की ‘दोन दृष्टिकोन मिळणं हा फायदाच आहे’. असेलही. पण मग पहिल्या नोंदींप्रमाणे मी जे बदललं ते साधलं की नाही, हे सांगायला कुणी उरत नाही, आणि दुसऱ्या फेरीचा उद्देश तर तोच होता. शेवटी मी दोघांचं ऐकलं, दोन डेमो केले. घरगुती वस्तूंच्या जाहिरातींसाठी हलका, आणि बँका, ई-लर्निंग, माहितीपट यांसाठी प्रौढ. सल्ल्यातल्या विसंगतीचं कारण बहुतेक हेच होतं. दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं गिऱ्हाईक होतं आणि कुणीच ते लिहिलं नव्हतं.

पॅकेजची गोष्ट. दुसऱ्या फेरीच्या शेवटी ओळ होती: ‘व्यावसायिक पातळीवर नेण्यासाठी आमच्याकडून डेमो तयार करून घ्या.’ किंमत अभिप्रायाच्या कित्येक पट. जो डेमो विकतो त्याच्या अभिप्रायात डेमो अपुराच असणार, हे लक्षात घेऊनच अशा नोंदी वाचाव्यात. पहिल्या फेरीत हा वास अजिबात नव्हता, दुसरीत भरपूर होता. फोन तीन महिने येत राहिले, मग बंद झाले.

एक गोष्ट पैसे भरण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा: माझी फाइल पुढे कुठे वापरणार, आणि कुठल्या आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकवायला देणार का? मी विचारलं, ‘नाही’ असं ईमेलवर आलं, तेव्हाच पाठवली. हे भित्रेपणाचं वाटत असेल तर अरिजित सिंग यांचं प्रकरण बघा. २०२४ मध्ये त्यांच्या आवाजाच्या नकला तयार करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. त्यांच्यामागे वकील आहेत, नाव आहे. आपल्यामागे तो एक ईमेल.

फुकटच्या अभिप्रायाशी तुलनाही करून पाहिली. कार्यक्रमांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की ‘अप्रतिम ताई’, हात जोडलेले, फुलं. त्याने दिवस छान जातो, बाकी काही होत नाही. सासूबाईंची चाचणी मात्र मी सगळ्यांना सुचवीन. त्यांना फोनच्या स्पीकरवर डेमो एकदाच लावायचा, त्या भाजी निवडत असताना, आणि नंतर विचारायचं, कशाकशाच्या जाहिराती होत्या? पहिल्या डेमोत त्यांना साडी आणि ‘काहीतरी बँकेचं’ आठवलं. नव्या डेमोत पाचपैकी चार, नावांसकट. आवाज कसा वाटला हे विचारायचं नाही. ते घरातलं माणूस नेहमी छानच सांगतं.

कामाचं म्हणाल तर फार मोठं काही घडलेलं नाही. एका पतसंस्थेच्या फोनवरचा ‘मराठीसाठी एक दाबा’वाला आवाज आता माझा आहे. दोन ई-लर्निंगची कामं झाली, आणि एका प्रकाशनाने पुस्तकवाचनाचा नमुना मागून घेतला, उत्तर अजून नाही. पतसंस्थेचं काम प्रौढ डेमोवर मिळालं. टीव्हीच्या जाहिरातीसाठी ऑडिशन दिल्या, एकही लागली नाही. त्यात डेमोचा दोष किती आणि मी नाशिकला बसून फाइल पाठवते याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

तर घ्यावा का? निवेदन, नाटक, आकाशवाणी, शिकवणं असं मागे काही असेल आणि ‘तुम्ही वाचता, बोलत नाही’ हे कुणीतरी ऐकवलं असेल, तर एक फेरी जरूर घ्या, फक्त एकच. माइक नुकताच आणला असेल तर घाई नको, खोली आणि पातळी आधी फुकटात जमवा. आणि भरण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा: ऐकणाऱ्याची मातृभाषा कोणती, नोंदी सेकंदांसकट मिळणार का, आणि दुसऱ्या फेरीला तोच माणूस असणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसऱ्या फेरीचे पैसे वळते करून मागा. मी मागितले असते तर कदाचित मिळाले असते, कारण पहिल्या फेरीवाल्याची वागणूक तरी सरळ होती.