शर्यतीच्या घोड्यांच्या समाध्या: लेक्सिंग्टनहून एका दिवसाची सहल

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन शहरातून निघणारी, नामांकित शर्यतीच्या घोड्यांच्या समाध्या दाखवणारी एक दिवसाची सहल मी गेल्या शरद ऋतूत केली. लहान गाडी, सात-आठ प्रवासी आणि अनेक वर्षे तबेल्यात काम केलेला मार्गदर्शक अशी व्यवस्था होती. मार्गदर्शकाचे ज्ञान उत्कृष्ट होते; वेळेची आखणी मात्र निराशाजनक होती.

पहिला थांबा पॅरिस गावाजवळचे क्लेबोर्न फार्म. हा आजही चालू असलेला स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारी जागा, असल्यामुळे येथे आगाऊ नोंदणी करूनच जावे लागते, आणि ते काम आयोजकांनी चोख केले होते. दफनभूमी अगदी लहान आहे: कापलेल्या झुडपांचे कुंपण, हिरवळ आणि नाव व वर्षे एवढेच कोरलेल्या साध्या राखाडी शिळा. शर्यतीच्या घोड्याचे डोके, हृदय आणि खूर एवढेच पुरण्याची येथील जुनी रीत आहे, कारण बुद्धी, धैर्य आणि वेग या तिन्ही गोष्टी तेथे वसतात असे मानले जाते. सेक्रेटॅरिएट या विख्यात घोड्याला मात्र अखंड देहानिशी पुरण्याचा मान मिळाला. १९७३ मध्ये त्याने ट्रिपल क्राऊन (एकाच वर्षात अमेरिकेतील तीन ठरावीक मोठ्या शर्यती जिंकण्याचा मान) पूर्ण करताना त्यांतली शेवटची, बेलमाँटची दीड मैलांची शर्यत ३१ लेंग्थनी, म्हणजे घोड्याच्या लांबीच्या ३१ पट अंतराने, जिंकली. तेव्हाची २ मिनिटे २४ सेकंद ही वेळ आजवर कोणत्याही घोड्याला त्या शर्यतीत मागे टाकता आलेली नाही. लॅमिनायटिस या खुरांच्या वेदनादायी विकारामुळे ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. त्याच्या शिळेच्या माथ्यावर कोणीतरी कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी ठेवली होती आणि रात्रीच्या दवाने तो कागद दगडाला चिकटून बसला होता.

मार्गदर्शकाने याच ठिकाणी आपले खरे कसब दाखवले. सेक्रेटॅरिएटपाशी घोटाळणाऱ्या आम्हा सर्वांना तो त्याचा बाप बोल्ड रूलर, मग त्याचा आजा नसरुल्ला आणि शेवटी आईचा बाप प्रिन्सक्विलो यांच्या शिळांपाशी घेऊन गेला. कागदावर वाचलेली वंशावळ चार पावलांत अशी पायाखालून जाते, हा अनुभव मला अन्यत्र कोठेही मिळालेला नाही. दुःख एवढेच की, सध्याचे वळू घोडे पाहण्यात बराच वेळ गेल्याने या जागेसाठी जेमतेम पंधरा मिनिटे उरली.

दुसरा मोठा थांबा केंटकी हॉर्स पार्क या घोड्यांना वाहिलेल्या उद्यानाचा. येथे मॅन ओ' वॉरची समाधी आहे आणि तिच्यावर हर्बर्ट हेझेल्टाइन यांनी घडवलेला, प्रत्यक्षाहून मोठा कांस्यपुतळा उभा आहे. एकवीस शर्यतींपैकी वीस जिंकलेला हा घोडा नोव्हेंबर १९४७ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्या देहावर मसाल्याचे लेपन करून लोकांना अंत्यदर्शन देण्यात आले आणि अंत्यविधी रेडिओवरून प्रसारित झाला. त्याचा मोतद्दार विल हार्बट सुमारे महिनाभर आधीच वारला होता. १९३७ चा ट्रिपल क्राऊन विजेता वॉर अ‍ॅडमिरल हा मॅन ओ' वॉरचा मुलगाही जवळच विसावला आहे.

येथे मात्र मार्गदर्शकाची एक चूक मला फार लागली. याच परिसरात आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय जॉकीची कबर आहे. १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा केंटकी डर्बी ही नामांकित शर्यत जिंकलेला हा माणूस १८९६ मध्ये वारला; त्याची मूळ कबर कित्येक दशके विस्मृतीत गेली होती आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे अवशेष सन्मानाने हलवण्यात आले. घोड्याच्या पुतळ्यापाशी वीस मिनिटे बोलणाऱ्या मार्गदर्शकाने मर्फीचे नावही घेतले नाही. मी एकटाच ती कबर शोधत गेलो आणि परतलो तेव्हा गाडी सुरू होती. घोड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर बसलेल्या माणसाला वगळावे, हे मला पटत नाही. हे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

केंटकीतलेच लुइव्हिल शहर या सहलीत नाही आणि ते योग्यच आहे, कारण तेथे स्वतंत्र दिवस हवा. डर्बी जेथे होते त्या चर्चिल डाउन्स या तेथील शर्यतीच्या मैदानाच्या प्रवेशद्वाराबाहेर २००६ चा डर्बी विजेता बार्बरो याच्या अस्थींवर, चारही पाय जमिनीपासून सुटलेल्या धावत्या घोड्याचा पुतळा आहे आणि तो पाहण्यासाठी तिकीट लागत नाही.

प्रथमच जाणाऱ्याने ही सहल अवश्य घ्यावी, कारण क्लेबोर्नमध्ये जाणत्या माणसाशिवाय त्या शिळा केवळ नावे राहतात. हॉर्स पार्कसाठी मात्र दुसरा दिवस राखून ठेवावा, सकाळी लवकर स्वतः जावे आणि पुतळ्याकडे वळण्याआधी मर्फीच्या कबरीपाशी थांबावे.