आकिहाबारा की नाकानो?

टोकियोत चार दिवस आहेत आणि त्यातला एकच ॲनिमे-मांगासाठी (जपानी कार्टूनपट आणि चित्रकथांसाठी) राखलाय, तर जावं कुठे? गेमचं वेड असेल तर आकिहाबारा. जुनी मांगा, खेळणी, ॲनिमेची मूळ चित्रं धुंडाळायची असतील तर नाकानो. माझा कल नाकानोकडे आहे, हे आधीच सांगून टाकते.

आकिहाबाराचा जन्म रेडिओतून झाला. युद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरायचा. पुढे घरगुती उपकरणं आली, मग कॉम्प्युटर, आणि त्यांच्यामागोमाग गेम आणि ॲनिमे. रुळांखालच्या चिंचोळ्या गाळ्यांत आजही स्विच, वायरी, ट्रान्झिस्टर सुटे मिळतात. लॅमिंग्टन रोडवर ज्याची सुट्टी जायची, त्याचा पाय तिथून निघणार नाही. जुन्या गेमसाठी ‘सुपर पोटॅटो’ आहे. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्राच्या कॅसेटींनी भिंती भरलेल्या, आणि वरच्या मजल्यावर नाणं टाकून खेळायची जुनी यंत्रं. मात्र इथे भाव पर्यटकांचे. शिवाय फुटपाथवर मेड कॅफेची (मोलकरणीच्या वेशातल्या वेट्रेस असलेल्या कॅफेची) पत्रकं हातात कोंबणाऱ्या मुली. गर्दीचा त्रास नसेल तर रविवारी दुपारी जा, तेव्हा मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो.

नाकानोत रस्ता नाही, एकच इमारत आहे: १९६६ सालचं नाकानो ब्रॉडवे. खाली दुकानं, वर लोक राहतात. तळमजल्यावरचा सरकता जिना मधला मजला गाळून थेट त्याच्या वरच्या मजल्यावर नेतो, त्यामुळे पहिल्या खेपेला माणूस हमखास चुकतो. १९८० साली मासुझो फुरुकावा या मांगा-चित्रकाराने इथे ‘मांदाराके’ हे जुन्या मांगाचं छोटंसं दुकान काढलं. आज त्याच नावाची दुकानं मजल्यामजल्यांवर विखुरलीत: एक फक्त जुन्या मांगाचं, एक खेळण्यांचं, एक सेलचं, म्हणजे ॲनिमेच्या हाताने रंगवलेल्या मूळ चित्रांचं.

सेल एकदा तरी बघाच. पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पानावर पुढून रेषा, मागून रंग. उलटा केला की रंगाचे जाड थर आणि कुठे कुठे ब्रशचे फराटे दिसतात. विसावं शतक संपता संपता रंगकाम कॉम्प्युटरवर गेलं, त्यामुळे नवे सेल जवळपास बनतच नाहीत. जे आहेत तेच हातोहात फिरतात. साध्या पार्श्वपात्राचा सेल खिशाला झेपतो, नायकाचा डोळे उघडे असलेला महाग.

जुन्या वस्तूंबाबत जपानी दुकानदाराचा प्रामाणिकपणा थक्क करतो. पाकिटावर चिठ्ठी असते: खोक्याचा कोपरा दबलाय, अमुक पान पिवळं पडलंय. जपानी येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा, पण वाचाच.

(स्त्री-वाचकांसाठीची मांगा हवी असेल तर दोन्ही सोडा, इकेबुकुरोचा ओतोमे रोड गाठा.)

आणि दोन्ही हवंच असेल, तर पिवळ्या पट्ट्याची चुओ-सोबु लोकल दोन्ही स्टेशनांना न बदलता जोडते, अर्ध्या तासाच्या आत. नाकानोतली बहुतेक दुकानं दुपारी बारालाच उघडतात, म्हणून सकाळ आकिहाबाराला द्या. जेवण मात्र नाकानोत घ्या. आणि ब्रॉडवेच्या तळघरातलं आठ चवींच्या थरांचं सॉफ्टी आइस्क्रीम दोघांत एकच सांगा, एकट्याला संपत नाही.