स्विफ्टची व्हील अलाइनमेंट: आठ महिने, १२,००० किलोमीटर, तीन सेटिंग

गाडी स्विफ्ट, टायर १८५/६५ आर१५, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा बीम). रोजचा वापर पुण्यातला, म्हणजे खड्डे आणि स्पीडब्रेकर. महिन्यातून एकदोनदा एक्सप्रेसवे आणि अधूनमधून ताम्हिणी. नव्या टायरची खाच ७.५ मि.मी. होती. तेव्हापासून दर २,००० कि.मी.ला पुढचे दोन्ही टायर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी गेजने मोजले. टायर काढून पुढे-मागे केले नाहीत, कारण रोटेशन झालं की कुठली झीज कुठल्या सेटिंगची हे कळत नाही.

दुकानातून निघालेली पहिली प्रिंट अशी: एकूण टो +०°२०′, कॅम्बर डावा −०°३०′, उजवा −०°०५′. टो म्हणजे वरून पाहताना चाकं पुढून आत (+, टो-इन) किंवा बाहेर (−, टो-आउट) किती वळलेली आहेत तो कोन. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाक किती कललं आहे तो कोन, वरचा भाग आत कलला की निगेटिव्ह (−). ′ म्हणजे मिनिट, अंशाचा साठावा भाग. स्क्रीनवर सगळं हिरवं (म्हणजे कंपनीच्या मर्यादेत), स्टीअरिंग सरळ, गाडी कुठे ओढत नव्हती. तीन हजार कि.मी.पर्यंत गेजवर काही विशेष नव्हतं, पण टायरवरून तळहात आतून बाहेर फिरवला की करवतीसारखी धार लागायची, बाहेरून आत फिरवला की गुळगुळीत. ही टो-इनची खूण. टो-आउट असेल तर उलटं लागतं. कॅम्बरने टायर खाल्ला तर एक कड गुळगुळीत झिजते, धार येत नाही. गेजवर ०.२ मि.मी. फरक दिसण्याच्या बऱ्याच आधी हाताला हे कळतं.

धार का आली, याचा हिशोब सोपा आहे. एकूण २०′ म्हणजे प्रत्येक चाकाला १०′, म्हणजे ०.१७ अंश. एवढ्या कोनात चाक एक कि.मी. पळालं की जवळजवळ २.९ मीटर आडवं घासत जातं. दहा हजार कि.मी.ला ते २९ कि.मी. होतं. १५ इंची रिमवर ९′ म्हणजे १ मि.मी., तेव्हा हा टो एकूण सव्वादोन मि.मी. भरतो. ऐकायला किरकोळ, रबराला नाही.

इथेच दुकानात दोन गफलती होतात. पहिली मिनिटं आणि दशांश यांची: ०°१०′ म्हणजे ०.१७ अंश, ०.१० नव्हे. दुसरी एकूण टो आणि एका चाकाचा टो यांची. एकूण टोचा आकडा प्रत्येक चाकाला दिला की टो दुप्पट होतो आणि टायर महिनाभरात बोलायला लागतो. म्हणून ‘हिरवं करून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. आकडा सांगायचा आणि प्रिंट घ्यायची, आधीची आणि नंतरची, दोन्ही.

दुसऱ्या सेटिंगमध्ये टो उलट बाजूला नेला, एकूण −०°०६′. स्टीअरिंग हलवताच नाक वळतं, घाटात मजा येते. पण एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर शंभरच्या आसपास गाडी सरळ बसत नाही, सारखं बारीक सावरावं लागतं, आणि ब्रेक दाबताना ती जास्तच चुळबुळते. तीन आठवड्यांत काढून टाकलं. रोजच्या गाडीला टो-आउट नको, हे माझं स्पष्ट मत.

तिसरं सेटिंग आजही चालू आहे: एकूण टो +०°०६′, दोन्ही चाकांना सारखा. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी असल्याने ॲक्सिलरेटरवर चाकं थोडी आत वळायला बघतात, त्यामुळे उभ्या गाडीत फार टो-इन द्यायची गरजच नसते. वळणावरची पकड टोकडून मागण्यापेक्षा कॅम्बरकडून मागितली. अशा बहुतेक हॅचबॅकमध्ये कॅम्बर बदलायची कंपनीची सोय नसते. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा काढून तिथे कॅम्बर बोल्ट, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेला बोल्ट, घालतात. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच वाकवतात. तसं करू देऊ नका. वाकवलेला लोखंडी भाग आतून किती थकला ते प्रिंटवर येत नाही.

आधी दोन्हीकडे −०°४०′ केलं. समान म्हणजे उत्तम, असं कुणालाही वाटेल. पण गाडी हलकेच डावीकडे जायला लागली. आपले रस्ते पाणी निघून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात, आणि जुन्या सेटिंगमधला डाव्या-उजव्याचा २५′चा फरक नकळत तो उतार सांभाळत होता. ज्या चाकाचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणून शेवटी डावा −०°४५′, उजवा −०°३०′ ठेवला. अर्ध्या अंशाच्या वर फरक मात्र कधीच नको. आणि हे करण्याआधी पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहायचे (एका दिशेच्या नक्षीचे टायर असतील तर हे जमत नाही). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा असतो, कोन फिरवून काही उपयोग नाही.

बाहेरची कड घाटात खूप झिजते, म्हणून थोडा निगेटिव्ह कॅम्बर इथे टायरही वाचवतो. सगळा वापर शहरातला आणि सरळ हायवेचा असेल तर बोल्टाच्या भानगडीत पडू नये, नुसता टो नीट करून घ्यावा. कॅस्टर (बाजूने पाहताना स्टीअरिंगचा अक्ष किती कललेला आहे तो कोन) टायर फारसा खात नाही आणि या गाडीत बदलताही येत नाही. प्रिंटवर दोन्हीकडे जवळपास सारखा आहे ना, एवढं पाहायचं.

१२,००० कि.मी.नंतर पुढच्या डाव्या टायरची खाच बाहेर ५.९, मध्ये ६.०, आत ५.७ मि.मी. उजवा बाहेर ५.८, मध्ये ६.०, आत ५.८. हाताला धार नाही. पहिल्या तीन हजारांतली धार टो कमी केल्यावर हळूहळू घासून गेली.

तक्रार कॅम्बर बोल्टाची. तो मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, नुसत्या आवळण्याच्या जोरावर धरतो. पाचव्या महिन्यात एका खोल खड्ड्यानंतर डावीकडचा सरकला, कॅम्बर −०°२०′वर आला आणि गाडी एकदम डावीकडे ओढायला लागली. बसवताना बोल्टाच्या डोक्यापासून स्ट्रटपर्यंत पांढऱ्या पेंटची रेघ मारलेली होती, ती तुटलेली दिसली म्हणून पाच मिनिटांत कारण सापडलं. रेघ मारल्याशिवाय हा बोल्ट बसवूच नये, आणि टॉर्क रेंचशिवाय (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याशिवाय) तर नाहीच.

मशीनवर चढवण्याआधी टायरची हवा दरवाज्याच्या स्टिकरप्रमाणे भरावी. स्टीअरिंग आणि सस्पेन्शनच्या सांध्यांत, म्हणजे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मच्या बुशमध्ये, प्ले (ढिलेपणा) आहे का ते चाक हलवून बघावं. प्ले असेल तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. चाकांना क्लॅम्प लावल्यावर गाडी थोडी मागेपुढे ढकलून रनआउट (रिम किंवा क्लॅम्प वाकडा बसल्याने येणारी चूक) काढतात का, चाकांखालच्या फिरत्या प्लेटच्या पिना काढतात का, यावर लक्ष ठेवावं. घाईत हेच गाळलं जातं आणि मग सगळे आकडे खोटे येतात. क्रम आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. टो बदलायला टाय रॉड फिरवण्याआधी स्टीअरिंग रॅकच्या रबरी बूटची क्लिप सैल करायला सांगावी, नाहीतर बूट पिळला जाऊन काही महिन्यांत फाटतो.

मागचा टो डावा +०°१२′, उजवा +०°०२′. टॉर्शन बीमला तो फिरवायची सोय नाही. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने नेतात तिचा गाडीच्या मधल्या रेषेशी कोन) ५′ निघतो. पुढचा टो त्याच्या हिशोबाने लावल्याने स्टीअरिंग सरळ आहे. शिम (पातळ पत्री) घालून हे सुधारता येतं, पण मागचे टायर दर महिना-दोन महिन्यांनी तपासून हाताला काहीच लागलं नाही, म्हणून तूर्त तसंच ठेवलं आहे. पुढची मोजणी १४,०००ला.