'द ग्रेप्स ऑफ रॅथ' : सात महिन्यांनंतर, आणि गायब 16 पानं सापडल्यानंतर

आधीचा रिव्ह्यू मागे घेतेय म्हणून हा दुसरा लिहायला बसलेय. पहिल्यात मी तीन स्टार दिले होते आणि लिहिलं होतं की पुस्तक ताकदीचं आहे, पण या लेखकाला, म्हणजे जॉन स्टाईनबेकला, माणसांत काही बरं दिसतच नाही, जो येतो तो कादंबरीतल्या जोड आडनावाच्या कुटुंबाला लुबाडूनच जातो. ते चुकलं. का चुकलं ते सांगायलाच हवं, कारण माझ्या कॉपीत 16 पानं नव्हतीच.

कथा सांगत बसत नाही, बहुतेकांना माहीत असेल. ओक्लाहोमातून उठवलेलं कुटुंब, कापून ट्रक केलेली जुनी हडसन गाडी, रूट 66 महामार्ग, कॅलिफोर्निया. स्टाईनबेकचं 1939 चं पुस्तक, 1940 ला पुलित्झर, पुढे 1962 ला त्याला नोबेल. ज्यांना हे नवीन आहे त्यांनी आधी वाचून या.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. आकडा दिसला की पेन्सिलने खूण करायची आणि वहीत उतरवायचा ही सवय कादंबरी वाचतानाही सुटत नाही, आणि या पुस्तकात तर आकडेच आकडे आहेत. घरातलं सामान, अवजारं, घोडे, गाडा असं सगळं विकून बापाच्या हातात येतात 18 डॉलर. गाडीला 75 गेले. आधीची शिल्लक धरून पुढच्या प्रवासाला दीडशेच्या आसपास उरले आणि माणसं मोजली तर गाडीत डझनभर. मी डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर नावे लिहीत गेले, सोबत पान क्रमांक. स्टाईनबेकने एवढ्या बारकाईने पैसे का लिहिलेत ते लिहिता लिहिता कळत गेलं. स्वप्न सगळ्यांचं एकच आहे, संत्र्याच्या बागेतलं पांढरं घर, ते काही बदलत नाही, बदलतो तो खिशातला आकडा, आणि वाचणाऱ्याला तो आकडा उतरताना दिसत राहतो.

पिवळ्या हँडबिलाचा हिशोब तर मी आमच्या ऑफिसात दोघींना फळ्यावर मांडून दाखवला. सोळाव्या प्रकरणात कॅलिफोर्नियातून परत निघालेला एक फाटका माणूस तो सांगतो. मालकाला माणसं हवीत 800. तो हँडबिलं छापतो 5,000. ती वाचतात साधारण 20,000 लोक आणि त्यातले दोन-तीन हजार गाडी काढून निघतात. मग मजुरी किती द्यायची ते मालकाला ठरवावंच लागत नाही, उपाशी माणसंच एकमेकांची मजुरी पाडतात. तो माणूस हे सांगतो आणि सांगताना त्याची पोरं भुकेने गेलेली आहेत. पुढे तेच घडताना दिसतं, थॉमस नावाचा छोटा शेतकरी ताशी 30 सेंट देत असतो, त्याला शेतमालकांची संघटना आणि तिच्यामागची बँक सांगते 25 च दे, तो बिचारा लाजून सांगतो. पीच तोडायला पेटीला 5 सेंट, संप मोडला की लगेच अडीच. कापूस वेचायला पिशवी नसेल तर एक डॉलरला मळेवाल्याकडूनच घ्यायची, ती मजुरीतून कापणार, म्हणजे कापसाला हात लावायच्या आधीच माणूस कर्जात. कर्ज विभागात पंधरा वर्षं काढली आहेत, इतकं स्वच्छ मांडलेलं मी आमच्या ट्रेनिंगमध्येही बघितलेलं नाही.

म्हणून पहिल्या वाचनात माझ्या वहीचं उजवं पान भरून वाहत होतं आणि डाव्या पानावर जवळजवळ काही नव्हतं. त्याच भरात तीन स्टार.

मग चौथ्या महिन्यात वहीतले पान क्रमांक नीट लावायला बसले आणि मध्येच 16 चा फरक काही जुळेना. आधी वाटलं माझीच बेरीज चुकली. पुस्तक उघडलं तर खरंच पानं उडी मारत होती, पंधरावं प्रकरण जवळजवळ पूर्ण गायब, बांधणीतच आलं नव्हतं. वाचताना लक्षात कसं आलं नाही असं कुणीही विचारेल. या पुस्तकात एकाआड एक जी छोटी प्रकरणं आहेत त्यात जोड कुटुंब नसतंच, कधी रस्ता असतो, कधी कासव असतं, जुन्या गाड्या विकणाऱ्याचं प्रकरण तर सगळं तुटक वाक्यांत आहे. मला वाटलं ही पण त्याचीच एक तऱ्हा. पुढच्या प्रकरणात जोड मंडळी भेटली, कथा पुढे सरकली, मी पण सरकले.

विक्रेत्याशी जे झालं ते थोडक्यात लिहिते. पुस्तक 450 रुपयांचं. परत करायची मुदत 10 दिवसांची, ती केव्हाच संपलेली. फोटो पाठवले, पान क्रमांक पाठवले, अकरा ईमेल झाले. उत्तर दर वेळी तेच, मुदत संपली. आता साडेचारशे पानांची कादंबरी कोण 10 दिवसांत पानं मोजत वाचतं? न छापलेली पानं ही काही वापराने झालेली झीज नाही ना, तो दोष पहिल्या दिवसापासूनच होता. शेवटी पुढच्या खरेदीवर 100 रुपये सूट देतो म्हणाले. मी घेतली नाही. मला पैसे नको होते, पानं हवी होती.

ही लढाई चालू असताना दोन अमेरिकन नाटकं वाचून काढली, त्याच वहीसोबत. आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन', 1949 चं. त्यात विली लोमन फ्रिजच्या हप्त्यांवर चिडतो, हप्ते फिटेपर्यंत वस्तूच मोडते म्हणतो, आणि 25 वर्षांचं घरकर्ज ज्या दिवशी फिटतं त्याच दिवशी त्याची बायको त्याच्या थडग्यापाशी बसून त्याला सांगते की शेवटचा हप्ता भरला, आता घरात राहायला कुणी नाही. ते पान वाचून मी दुसऱ्या दिवशी काउंटरला बसले आणि एका वयस्कर काकांना नो ड्यूज दाखला देताना मला बोलताच येईना.

दुसरं लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन', 1959. एका कृष्णवर्णीय कुटुंबाला विम्याचे 10,000 डॉलर आलेले. आई 3,500 घराला भरते, उरलेले 6,500 मुलाच्या हाती देते, त्यातले काही बहिणीच्या डॉक्टरकीसाठी बँकेत ठेवायचे असतात आणि तो सगळेच बुडवतो. मग गोऱ्यांच्या वस्तीतला एक माणूस येतो आणि इथे राहायला येऊ नका, घर आम्हाला विका, वर जास्तीचे पैसे देतो म्हणतो. हातात काही उरलेलं नसताना मुलगा नाही म्हणतो. हे बाईंनी हवेतून आणलेलं नाही, त्यांच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून ती केस 1940 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. हे नाटक मला फार आवडलं. धाडस म्हणजे आरडाओरडा असं मला वाटायचं, इथे ते एका नकारात आहे, आणि त्या नकाराची किंमत प्रेक्षकाला डॉलरमध्ये माहीत आहे.

तर परत त्या 16 पानांकडे. आमच्या जिल्हा ग्रंथालयात एक जुनी कॉपी सापडली, पण ती जीर्ण म्हणून घरी देत नाहीत आणि झेरॉक्स मशीनवर उलटी दाबू देत नाहीत. मग तीन शनिवार तिथे बसून पंधरावं प्रकरण हाताने उतरवलं. हात दुखला, पण उतरवताना प्रत्येक शब्द हाताखालून जातो, वाचताना तसं होत नाही.

रूट 66 वरचं एक छोटं हॉटेल. मे नावाची बाई काउंटरवर, अल स्वयंपाकाला, दोन ट्रक ड्रायव्हर पाय नावाची पेस्ट्री आणि कॉफी घेत बसलेले. लदलेली जुनी गाडी थांबते, एक माणूस दोन पोरांना घेऊन येतो आणि 10 सेंटचा ब्रेड मागतो. मे म्हणते हे काही किराणा दुकान नाही, सँडविचला लागतो. ब्रेडची लादी 15 सेंटची. माणूस म्हणतो 10 सेंटचाच कापून द्याल का, अजून हजार मैल जायचंय, जपून खर्च करावा लागतो. भीक तो मागतच नाही, हे मी उतरवताना दोनदा थांबून बघितलं. आतून अल ओरडतो, देऊन टाक. मग मे अख्खी लादी 10 सेंटला देते. त्याच्या पाकिटातून नाण्याला चिकटून एक पेनी, म्हणजे एक सेंट, बाहेर येते, तो परत ठेवणार इतक्यात पोरं काचेतल्या पेपरमिंटच्या कांड्यांकडे बघतायत हे त्याला दिसतं. एका पेनीची आहे का ती, असं तो विचारतो. मे म्हणते, एका पेनीला दोन. पोरं कांड्या हातात धरतात आणि त्यांच्याकडे बघतही नाहीत, ताठ उभी राहतात.

ती माणसं गेल्यावर एक ड्रायव्हर म्हणतो, त्या पेनीला दोनवाल्या नव्हत्या, एकेक निकेलची होती. म्हणजे पाच पाच सेंटची. मे त्याच्यावर खेकसते. मग दोघे ड्रायव्हर प्रत्येकी अर्धा डॉलर टाकून निघतात, ती ओरडते उरलेले पैसे न्या, ते तिलाच शिव्या देऊन जातात.

मी वहीत मांडलं. लादीवर 5 सेंट सोडले, कांड्यांवर 10 ऐवजी 1 घेतला म्हणजे 9 सोडले. एकूण 14 सेंट. साडेचारशे पानांच्या उजव्या रकान्यासमोर 14 सेंट काहीच नाहीत, बेरजेवर फरकही पडत नाही. पण माझा अख्खा रिव्ह्यू या 14 सेंटवर चुकला होता. कारण ही मे काही देवमाणूस नाही, आधी ती त्या माणसाला टाळतच होती, अशा गाड्या आल्या की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि तरी खोटं बोलून देते, म्हणजे देताना घेणाऱ्याला कळू नये म्हणून खोटं बोलते.

मग मी परत मागे-पुढे शोधायला लागले, पहिल्या वेळी कुठे कुठे सुटलं ते. पीचच्या मळ्यात 20 पेट्यांचे 1 डॉलर मिळाले, कुटुंबातली आई, मा जोड, मळ्याच्या कंपनीच्याच दुकानात तो खर्चून बसते, गावापेक्षा महाग, आणि साखर राहते. दुकानातला कारकून आधी कुचकट बोलत असतो, शेवटी स्वतःच्या खिशातून 10 सेंट गल्ल्यात टाकतो. ते मी वेगळ्या रकान्यात लिहिलेत, कारण तो म्हणतो चिठ्ठी आणून दिलीत की माझे 10 सेंट मी परत घेईन, म्हणजे ती उधारी आहे. पण आपल्या मालकाच्या दुकानात आपल्या पैशाने दुसऱ्याला उधारी देणं, हे काउंटरच्या माझ्या बाजूला बसणाऱ्याने करून बघावं. मा तिथे म्हणते की अडचणीत असलात तर गरिबाकडे जा, तेच मदत करतात. पहिल्यांदा वाचताना मला ते वाक्य भाषणासारखं वाटलं होतं. पंधरावं प्रकरण हातून गेल्यावर तसं वाटलं नाही.

आणि जिथे पैसा नाही तिथलं धाडस वहीत मावतच नाही. मोजावे वाळवंट ओलांडताना आजी मेलेली आहे आणि मा रात्रभर तिच्या शेजारी झोपून आहे, तपासणीवाल्यांना म्हातारी आजारी आहे म्हणते, कारण गाडी थांबली तर कुटुंब पलीकडे पोचणार नाही. सकाळी दरी दिसते, बागा, हिरवं, सगळे खूश, आणि तेव्हा ती सांगते. हे मी आतापर्यंत चार वेळा वाचलंय.

तक्रारी आहेतच. बोलीभाषा जड आहे, पहिली शंभर पानं मला महिना लागला. जोड कुटुंबाचं गाव सॅलिसॉ ओक्लाहोमाच्या पूर्वेला आहे आणि धुळीची खरी वादळं पश्चिमेच्या चिंचोळ्या पट्ट्यात होती, हे कळल्यावर पहिल्या प्रकरणातल्या धुळीच्या वर्णनावरचा माझा विश्वास थोडा हलला. त्याहून जास्त राग आला तो सनोरा बॅब यांच्याबद्दल वाचून. त्या स्वतः तिथल्या पट्ट्यात वाढलेल्या, याच निर्वासितांच्या कॅम्पमध्ये काम केलेल्या, त्यांनीही याच विषयावर कादंबरी लिहिली, पण स्टाईनबेकचं पुस्तक आधी आलं आणि गाजलं म्हणून प्रकाशकाने त्यांची मागे ठेवली. 'हूज नेम्स आर अननोन' ही 2004 ला छापली, आणि 2005 च्या शेवटी त्या गेल्या. एका विषयावर दोन पुस्तकं बाजारात चालणार नाहीत हा कुठला हिशोब? माझ्या पुढच्या खरेदीत तेच आहे, आणि या वेळी घरी आल्याबरोबर पानं मोजणार.

स्टाईनबेकच्या पुस्तकावरही काही कमी संकटं आली नाहीत. ऑगस्ट 1939 मध्ये कर्न काउंटीने, म्हणजे जोड मंडळी जिथे पोचतात त्याच भागाने, ते सार्वजनिक ग्रंथालयांतून काढून टाकलं. ग्रेचेन नीफ या ग्रंथपाल बाईंनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं, पुस्तकं मात्र बाकीच्या ग्रंथालयांना पाठवून दिली. 1941 पर्यंत ती बंदी होती. स्वतःची नोकरी असताना वरच्यांना असं पत्र लिहायचं, हे मी माझ्या वहीत कादंबरीच्या शेवटी वेगळं लिहून ठेवलंय.

आता स्टार. पुस्तकाला पाच. या आवृत्तीच्या बांधणीला शून्य, विक्रेत्यालाही शून्य. तुमच्याकडे हीच स्वस्तातली आवृत्ती असेल तर आजच पंधरावं प्रकरण आहे का बघा, मुदतीत असाल तर परत करा.

माझी कॉपी सध्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे आहे. हाताने लिहिलेली पानं घडी घालून नेमक्या जागी चिकटवलीत आणि वर पेन्सिलने लिहिलंय की इथे थांब, आधी हे वाच, ब्रेडची लादी 15 सेंटची आहे.