‘मात केली’ इंग्रजीत कसे लिहावे: डिफीट, कॉन्कर, सबड्यू की ओव्हरकम?

नागपुरात मराठी मजकूर इंग्रजीत नेण्याचे काम अनेकांच्या वाट्याला येते. कोणी प्रबंधाचा सारांश करतो, कोणी संस्थेचा वार्षिक अहवाल लिहितो, तर कोणी स्पर्धा परीक्षेतील इंग्रजी निबंधाची तयारी करतो. या सर्वांना अडखळवणारे एक क्रियापद म्हणजे ‘मात करणे’. बुद्धिबळाच्या पटावरून आलेला हा शब्द मराठीत शत्रूला चालतो, दारिद्र्याला चालतो आणि तापालाही चालतो. इंग्रजीत मात्र यासाठी निरनिराळी क्रियापदे आहेत आणि कोश ती समानार्थी म्हणून शेजारी शेजारी मांडत असला, तरी ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. निवड करताना क्रियापदाचे कर्म काय आहे (माणूस, मुलूख, सत्ता की अडचण) हे आधी पाहावे आणि झुंज संपल्यावर प्रतिपक्षाची काय अवस्था उरते हे त्यानंतर पाहावे, असे माझे मत आहे. शब्द किती भारदस्त वाटतो, हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. प्रत्यक्षात अनेकजण तिथूनच सुरुवात करतात.

सर्वांत सुरक्षित शब्द ‘डिफीट’. तो एका लढतीपुरता बोलतो. हरलेला पक्ष उद्या पुन्हा मैदानात उतरू शकतो, हे त्यात गृहीत असते. ‘बीट’ त्याचाच बोलभाषेतला भाऊ असून क्रीडावृत्तात तोच अधिक सहज वाटतो. या दोघांना कर्म म्हणून प्रतिस्पर्धी लागतो, सामना किंवा करंडक नव्हे; ‘विन’चे नेमके उलटे आहे. विदर्भाने २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला, हे सांगताना दिल्लीला ‘बीट’ केले आणि करंडक ‘विन’ केला असेच लिहावे लागते. मराठीत ‘जिंकणे’ गड, सामना आणि मन या तिघांनाही लागत असल्यामुळे आपल्याकडे ‘विन’नंतर थेट प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहिण्याची चूक फार होते.

विजय किती मोठा होता हे सांगायचे असेल, तर ‘डिफीट’ अपुरा पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१ धावांत आटोपला आणि भारताने तिसऱ्याच दिवशी एक डाव व १३२ धावांनी सामना जिंकला. अशा वेळी ‘राउट’ योग्य ठरतो, कारण त्याच्या मुळाशी फळी फुटून सैन्याने वाट फुटेल तिकडे पळण्याचे चित्र आहे. याच मैदानावरचा २०२५ चा रणजी अंतिम सामना मात्र वेगळी अडचण उभी करतो. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. येथे केरळचा ‘डिफीट’ झाला असे लिहिणे काटेकोरपणे चूक आहे, कारण केरळ हरलेच नव्हते. ‘प्रिव्हेल ओव्हर’ या जागी चपखल बसतो, कारण दोन्ही पक्ष उभे असताना एकाचे पारडे अखेर जड ठरले, एवढेच तो सांगतो.

‘कॉन्कर’वर मराठी लेखकांचे विशेष प्रेम दिसते आणि तो चुकीच्या जागी पडतोही सर्वाधिक. हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ शोधून मिळवणे असा होता. म्हणजे विजयाइतकाच ताबाही त्यात आहे. नुसती लढाई जिंकल्याने ‘कॉन्कर’ होत नाही, जिंकलेले हाती राहावे लागते. नागपूरच्या इतिहासावर इंग्रजीत लिहिणाऱ्याने हा भेद विशेष जपायला हवा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा हल्ला परतवून लावला. या प्रसंगासाठी इंग्रजांच्या बाजूने ‘रिपल्स’ आणि भोसल्यांच्या बाजूने ‘डिफीट’ हे शब्द पुरेसे आहेत. नागपूर त्या दिवशी कोणी ‘कॉन्कर’ केले नाही. पुढे १८१८ मध्ये भोसले राजे आप्पासाहेबांना गादीवरून दूर करून तिसऱ्या रघूजींना बसवण्यात आले, तेव्हा राजा बदलला तरी राज्य नावाने शिल्लक राहिले. या घटनेला ‘डिपोज’ म्हणावे. ‘ओव्हरथ्रो’ सत्तेला किंवा सत्ताधीशाला उलथवण्यासाठीच वापरतात, पण त्यातून राजवट कोसळल्याचा भास होतो, म्हणून येथे तो मला किंचित जड वाटतो. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस वारस न ठेवता मरण पावले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्यासाठी ‘अनेक्स’ हाच शब्द आहे, कारण तेथे लढाई नव्हती, कागद होता. या तिन्ही घटनांना एकच ‘कॉन्कर’ लावणारा अनुवाद वाचायला जोरकस असेल, पण इतिहास म्हणून तो सदोष ठरतो.

किल्ल्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी विदर्भातला गाविलगड घेतला. मराठीत किल्ला ‘जिंकला’ म्हणतात, इंग्रजीत तो ‘कॅप्चर’ केला जातो आणि तटावर चढाई करून घेतला असेल तर ‘स्टॉर्म’ केला जातो. फौजेचा ‘डिफीट’ होतो, तटबंदीचा होत नाही.

लाक्षणिक अर्थाने मात्र ‘कॉन्कर’ छान खुलतो. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने भारताचा ३४२ धावांनी पराभव करून तब्बल ३५ वर्षांनी भारतात कसोटी मालिका जिंकली. त्या सामन्याला ‘डिफीट’ पुरतो. पण इतकी वर्षे हुलकावणी देणारी भूमी अखेर सर झाली, असे म्हणायचे असेल तर ‘कॉन्कर’ला पर्याय नाही.

‘सबड्यू’ आणि ‘सबज्युगेट’ ही जोडी प्रतिपक्ष जिवंत असून खाली दबला आहे, असे सांगते. ‘सबड्यू’ म्हणजे आवरणे, काबूत आणणे. पिसाळलेला बैल, हिंसक आरोपी किंवा स्वतःचा राग यांना तो लागतो आणि मंद प्रकाशाला किंवा दबलेल्या स्वराला त्याचेच विशेषण वापरतात. ‘सबज्युगेट’ अधिक कठोर आहे. त्यातील ‘जुगम’ हा लॅटिन शब्द आणि आपले बैलाच्या मानेवरचे ‘जू’ एकाच कुळातले असल्यामुळे मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही. एखाद्या समाजाला दीर्घकाळ जुवाखाली ठेवणे, असा त्याचा आशय आहे. दोन तासांच्या कुस्तीला किंवा एखाद्या निवडणुकीला तो लावणे हास्यास्पद होय. जमावाची अशांतता शमवली असेल, तर या दोहोंऐवजी ‘क्वेल’ घ्यावा, पण त्याचे कर्म दंगल किंवा भीती असते, सहसा माणूस नसतो.

अडचणींच्या प्रांतात ‘ओव्हरकम’ राज्य करतो. भीती, तोतरेपणा, गरिबी, संकोच यांवर मात केली, असे लिहायचे असेल तर डोळे मिटून तो घ्यावा. ‘कॉन्कर’ही भीतीला लागतो, पण त्यात ती कायमची संपल्याचा दावा असतो, ‘ओव्हरकम’ एवढा मोठा शब्द देत नाही, म्हणून तो बहुधा अधिक प्रामाणिक ठरतो. त्याचे एक वळण मात्र लक्षात ठेवावे: कर्मणी प्रयोगात तो उलटा फिरतो आणि दुःखाने किंवा धुराने माणूसच ‘ओव्हरकम’ होतो. ‘सरमाउंट’ चढून पलीकडे जाण्याचे चित्र उभे करतो, त्यामुळे तो अडथळ्यांपुरताच ठीक आहे. आजाराबाबत मात्र आपली सवय मोडायला हवी. करोनाच्या काळात मराठी वृत्तपत्रांत रुग्ण रोज ‘मात’ करीत होते, पण इंग्रजीत अशा रुग्णासाठी साधे ‘रिकव्हर्ड’ पुरते. रोगच जगातून नाहीसा झाला असेल, तर ‘इरॅडिकेट’ म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवीच्या रोगाबाबत तशी घोषणा केली.

‘व्हॅन्क्विश’ म्हणजे पुरते नमवणे; तो पोवाड्याच्या किंवा पुराणकथेच्या अनुवादासाठी राखून ठेवावा. रोजच्या गद्यात तो भरजरी शेल्यासारखा अवघडून बसतो. केवळ ‘पराभूत लोक’ या अर्थी त्याचे नामरूप आजही सहज चालते. ‘प्रिव्हेल’ घेताना त्यापुढील शब्दयोगी पद तपासावे, कारण ‘ओव्हर’ जोडल्यास सरशी होते, ‘अपॉन’ जोडल्यास कोणाचे तरी मन वळवले जाते आणि काहीच न जोडल्यास एखादी प्रथा किंवा मत प्रचलित आहे, असाही अर्थ निघू शकतो.